जिना एकच होता: सुरतच्या तक्षशिला आर्केडची आग आणि सांगलीतली कॉम्प्लेक्स

२४ मे २०१९, शुक्रवार. सुरतच्या सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केड या व्यापारी संकुलाला दुपारी चारच्या सुमारास आग लागली. खाली दुकानं, वर ऑफिसं आणि सर्वांत वर गच्चीवर डोम टाकून केलेल्या मजल्यावर क्लास. २२ जण गेले. त्यातले बहुतेक शिकायला आलेले विद्यार्थी होते. काहींचा धुराने जीव गुदमरला, काही भाजले, काहींनी खिडकीतून उड्या मारल्या. ते व्हिडिओ त्या संध्याकाळी देशभर फिरले आणि आठवड्याभरात विसरलेही गेले.

हे प्रकरण सांगलीकरांसमोर ठेवण्याचं कारण साधं आहे. कॉलेज कॉर्नरपासून विश्रामबागपर्यंत चालत गेलं तर तक्षशिलासारख्या रचनेच्या इमारती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. तळमजल्यावर मेडिकल, बेकरी, मोबाइलचं दुकान. पहिल्या मजल्यावर दवाखाना, विमा एजंट, सीएचं ऑफिस. दुसऱ्यावर क्लास. गच्चीवर पत्रा मारून स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांसाठी अभ्यासिका. वर जायला एक जिना, त्या जिन्याखाली मीटर बोर्ड, आणि दर्शनी भिंतीवर पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत फ्लेक्स. मिरजेत, इस्लामपुरात, विट्यातही हेच.

आग का लागली, हा प्रश्न या प्रकरणात दुय्यम आहे. ती एसीच्या युनिटमधून लागली, आणि असं युनिट जळणं ही रोज कुठे ना कुठे घडणारी गोष्ट आहे आणि त्यात सहसा कुणी मरत नाही. खालच्या मजल्याजवळ लागलेल्या आगीने सर्वांत वरच्या मजल्यावरची पोरं का मेली, हे नीट समजून घ्यायला हवं.

खालून वर

प्राथमिक तपासात आगीचं मूळ इमारतीच्या बाहेरच्या बाजूला बसवलेल्या एसीच्या युनिटमधल्या शॉर्ट सर्किटमध्ये सापडलं. दीड टनाचा साधा स्प्लिट एसी चालू असताना ७ ते ८ अँपिअर करंट घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मे महिन्याच्या दुपारी तो सलग चालतो. आउटडोअर युनिट उन्हात, धुळीने कंडेन्सर बुजलेला, कनेक्शनच्या पट्टीवरचे स्क्रू वर्षानुवर्षं कुणी आवळलेले नाहीत. सैल स्क्रूखाली वायरीचा स्पर्श कमी होतो आणि तिथला रोध वाढतो. तो फक्त १ ओहम झाला तरी ८ अँपिअरला त्या एका टोकाशी ६४ वॅट उष्णता तयार होते. शेंगदाण्याएवढ्या जागेत सोल्डरिंग गन लावून ठेवल्यासारखंच ते आहे.

इथे बहुतेक गाळेधारकांचा मोठा गैरसमज असतो. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडला नाही म्हणजे लाइन ठीक आहे, असं ते धरून चालतात. एमसीबी जादा करंट ओळखतो. सैल जोडणीत करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. इन्शुलेशन वितळून दोन तारा एकमेकींना चिकटल्या की मग एमसीबी पडतो, आणि तोपर्यंत प्लॅस्टिकने पेट घेतलेला असतो.

तक्षशिलात युनिटच्या आसपास फ्लेक्सचे बोर्ड होते. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. तो लोखंडी अँगलच्या चौकटीवर ताणून बांधलेला असतो आणि चौकट भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे असते. भिंत आणि फ्लेक्स यांच्यामधली ही उभी पोकळी म्हणजे धुराडंच. खाली ज्वाळा लागली की गरम हवा त्या पोकळीतून वर ओढली जाते, वरचा फ्लेक्स आधीच तापतो आणि आग एकेक मजला काही सेकंदांत पार करते. जळतं पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडतं. डोळे उघडे ठेवता येत नाहीत, घसा आवळतो. फ्लेक्सवाल्या इमारतीतून बाहेर पडताना जिना समोर असूनही दिसत नाही, त्याचं एक कारण हे.

आपल्याकडे क्लासच्या इमारतीवरचा फ्लेक्स नीट पाहा. दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणवंतांचे फोटो आणि टक्के छापलेला मोठा फ्लेक्स चढतो. तो बहुधा क्लासच्याच खिडक्यांवर ताणलेला असतो, कारण रस्त्यावरून दिसायला तीच जागा चांगली. म्हणजे पोरं आत बसलीत, त्यांच्या खिडकीला बाहेरून पीव्हीसीचा पडदा, आणि त्याखाली दोन-चार एसीची युनिटं. ज्या पोरांचं कौतुक म्हणून तो लावला, त्यांच्याच धाकट्या भावंडांची सुटकेची खिडकी त्याने बंद होते. ज्या कुणाच्या क्लासवर असा फ्लेक्स आहे, त्याने तो आजच उतरवावा. यासाठी कुठल्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

पाच फुटांचं छत

तक्षशिलातला सर्वांत वरचा मजला मंजूर नकाशात नव्हता. गच्चीवर डोमसारखं छप्पर टाकून तो केला होता. आतली उंची जेमतेम पाच फूट असल्याने खुर्च्या बसत नव्हत्या आणि विद्यार्थ्यांना बसायला टायर ठेवले होते, असं त्या वेळच्या पाहणीत पुढे आलं. वरच्या मजल्यावर जायला लाकडी जिना होता.

या तीन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं ते बघा. आगीचा धूर गरम असतो, म्हणून तो आधी छताला जाऊन साठतो आणि तिथून थराथराने खाली उतरतो. दहा फूट उंचीच्या खोलीत धुराचा थर पाच फूट खाली येईपर्यंत माणसाच्या डोक्याभोवती श्वास घेण्याजोगी हवा असते. तेवढ्या वेळात माणूस उठतो, चप्पल न शोधता दाराकडे जातो. पाच फुटांच्या खोलीत हा वेळच मिळत नाही. उभं राहिलेल्या मुलाचं डोकं पहिल्या मिनिटालाच धुरात असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. दोन-चार खोल श्वासांत हातापायातली ताकद जाते, विचार गोंधळतो, आणि दार चार हातांवर असूनही माणूस तिथंच बसतो.

थर्माकोल, फोम आणि पीव्हीसीच्या शीटने केलेली सजावट हे आणखी एक संकट. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, मग वितळून जळते थेंब खाली टपकतात. टायरचा धूर किती काळा आणि दाट असतो हे शिमग्याला ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लाकडी जिन्याबद्दल वेगळं लिहायचीही गरज नाही: ज्या वाटेने खाली यायचं तीच जळत होती.

गच्चीवरचं बांधकाम बेकायदा आहे एवढंच म्हणून थांबलं तर खरी हानी लक्षात येत नाही. आग खाली लागली आणि जिन्यात धूर भरला, तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला उरलेली एकमेव सुरक्षित जागा म्हणजे उघडी गच्ची. मोकळी हवा, रस्त्यावरून दिसणारी माणसं, शेजारच्या इमारतीला लागून असेल तर पलीकडे जायची वाट. तक्षशिलात गच्चीचीच खोली केली होती. त्यामुळे पोरांच्या खाली आग होती आणि वर छप्पर. आपल्याकडे अभ्यासिकांनी गच्च्या अशाच गिळल्या आहेत.

शिडी, पाणी, वेळ

सुरत हे मोठं शहर, महापालिका श्रीमंत. तरी पहिल्या गाड्या आल्या तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत पोचणारी शिडी सोबत नव्हती, खाली धरायला जाळीही नव्हती. काही स्थानिक तरुण भिंतीच्या कडेकपारी धरून वर चढले आणि त्यांनी पोरांना खाली उतरवायला मदत केली. पुढे दोन अग्निशमन अधिकारी निलंबित झाले, बिल्डर आणि क्लासचालकावर गुन्हे दाखल झाले, अटक झाली. हा भाग न्यायालयाचा. आपण शिडीचं गणित करू.

अग्निशमन गाडीवर सहसा असते ती ३५ फुटी सरकती शिडी. ती साधारण ७५ अंशांच्या कोनात लावायची असते, म्हणजे प्रत्यक्षात पोच मिळते ३३ ते ३४ फूट. आता सांगलीतलं तळमजला अधिक दोन मजल्यांचं कॉम्प्लेक्स घ्या. तळमजला १२ फूट, वरचे दोन मजले साडेदहा फुटांचे. गच्चीचा स्लॅब आला ३३ फुटांवर. त्यावर अभ्यासिका आणि तिच्या खिडकीची चौकट तीन फूट वर, म्हणजे ३६ फूट. जोतं दोन फुटांचं असेल तर ३८. ‘आमची बिल्डिंग काय उंच नाही, दुमजलीच आहे’ असं म्हणणाऱ्या मालकाने हा हिशेब कागदावर मांडून बघावा. त्याच्या गच्चीवरची पोरं साध्या शिडीच्या बाहेर आहेत. हायड्रॉलिक शिडीची गाडी लांबून येणार, आली तरी तिला चारी बाजूंना जॅक टाकायला मोकळी आणि पक्की जागा हवी. इमारतीसमोर दुचाकींच्या दोन रांगा असताना ती मिळत नाही. तुमच्या जवळच्या केंद्रात किती फुटी शिडी आहे आणि मोठी गाडी कुठून येईल, हे एकदा जाऊन विचारून यावं. आग विझवणाऱ्या माणसांना हा प्रश्न आवडतो, कुणी विचारत नाही एवढंच.

पाण्याचंही तसंच. गाडीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. दोन नळ्या लावून मारा केला, प्रत्येकीतून मिनिटाला साधारण ४५० लिटर, तर पाच हजार लिटर साडेपाच मिनिटांत संपतं. दुसरी गाडी येईपर्यंत किंवा जवळच्या टाकीतून भरेपर्यंत मारा थांबतो. म्हणून इमारतीच्या खालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण कुठे आहे, त्यावर कुणी स्टॉल लावलाय का, हे वॉचमनला माहीत असावं लागतं. गणपती पेठ, कापड पेठ किंवा हरभट रोडला संध्याकाळी सातला गाडी आत शिरायलाच किती वेळ जाईल, हे सांगलीकराने स्वतःच ठरवावं.

आतल्या माणसांचा वेळ मोजू. सव्वा मीटर रुंदीच्या, धूर नसलेल्या जिन्यातून सेकंदाला साधारण एक माणूस पार होतो. क्लासमध्ये ८० पोरं असतील तर दाराबाहेर पडायलाच सव्वा-दीड मिनिट. त्याआधी ‘कसला वास येतोय’, ‘सर, लाइट गेली’, ‘दप्तर घेऊ का’ यात दोन-तीन मिनिटं जातात. कुठलीही घंटा नसेल तर आणखी जास्त. बाहेरच्या भिंतीवर फ्लेक्सने आग चढायला यातला निम्मा वेळसुद्धा लागत नाही.

सांगलीची वेगळी अडचण

सुरतची आग मे महिन्यातली. त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं आणि पेठांत शिरलं. मग सगळ्यांचं लक्ष साहजिकच पाण्याकडे गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. आगीच्या दृष्टीने या पुरांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या आणि दोन्ही धोक्याच्या आहेत.

पहिली गोष्ट बुडालेल्या वायरिंगची. पुरानंतर मीटर बदलले गेले, मेन स्विच पुसले गेले, पण भिंतीतल्या पाइपातली वायर अनेक ठिकाणी तीच राहिली. पाइपात गाळ बसतो, जोडांवर गंज चढतो, अॅल्युमिनियमची केबल आणि तांब्याचा लग (वायरीच्या टोकाला बसवायची टोपी) यांच्यामध्ये ओल राहिली तर तो जोड आतून खात जातो. वरून काही दिसत नाही. हे तपासायचा मार्ग एकच: वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजायचं मीटर) इन्शुलेशन मोजून घ्यायचं. सर्व उपकरणं काढून, मेन बंद करून. वाचन १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन वापरायची नाही, बदलायची. न्यूट्रलचा जोड मुद्दाम उघडून बघायला सांगा. थ्री फेजच्या बोर्डात न्यूट्रल तुटला की एखाद्या गाळ्याला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो आणि तिथले चार्जर, फ्रिज, बल्ब एकदम जळतात.

दुसरी गोष्ट मालाची. पुन्हा पाणी आलं तर नुकसान नको म्हणून माल वर चढवला जातो. साड्यांचे गठ्ठे, प्लॅस्टिकची खेळणी, फोमच्या गाद्या, चपलांची खोकी पोटमाळ्यावर, तिथे मावेना म्हणून जिन्याच्या लँडिंगवर. व्यापाऱ्याची भीती खोटी नाही, दोनदा बुडालेल्या माणसाला ‘माल खाली ठेव’ म्हणून सांगणं सोपं नाही. पण पोटमाळ्यावर छताला दिवा चिकटवलेला, वायर उघडी आणि त्याला टेकून गठ्ठे असतील तर पुरापासून वाचवलेला माल आगीला दिला. माल वर ठेवायचाच असेल तर दिव्यापासून किमान दोन फूट अंतर, बंद फिटिंगचा एलईडी, आणि दुकान बंद करताना पोटमाळ्याची लाइन वेगळ्या स्विचने तोडायची. लँडिंगवर मात्र एक खोकंसुद्धा नको.

जिन्याखालचा मीटर बोर्ड

दिल्लीच्या मुखर्जी नगरमध्ये १५ जून २०२३ ला क्लासच्या इमारतीत मीटर बोर्डाजवळ आग लागली. आग तशी लहान होती. धूर मात्र जिन्यातून वर गेला आणि वाट बंद झाली. विद्यार्थी दोऱ्या आणि वायरींना लोंबकळत खिडक्यांतून उतरले, साठेक जण जखमी झाले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. तक्षशिला आणि मुखर्जी नगर शेजारी ठेवून बघितलं की एकच गोष्ट पुन्हा दिसते. आग लहान असो की मोठी, जिना गेला की वरच्या माणसांपुढे खिडकी उरते.

आपल्या कॉम्प्लेक्समधल्या जिन्याखाली काय असतं? वीस-पंचवीस मीटर, उघड्या केबलींचा गुंता, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, झाडू आणि रद्दी, पाण्याचे रिकामे जार आणि हल्ली चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. लिथियमची बॅटरी एकदा आतून पेटली की आग विझवायच्या एका सिलिंडरने विझत नाही, आणि तिचा धूर विषारी असतो. जिन्याखाली स्कूटर चार्ज करणं आजच बंद करता येतं. त्यासाठी फक्त तो प्लग पॉइंट काढून टाकायचा.

मीटर बोर्ड हलवणं हे महावितरणच्या परवानगीचं आणि खर्चाचं काम. ते होईपर्यंत बोर्डाभोवती विटांची किंवा सिमेंट बोर्डाची बंदिस्ती करून लोखंडी दार बसवावं. केबल वर जाण्याचं स्लॅबमधलं भोक आगरोधक सीलंटने बुजवावं, कारण धूर तिथूनच मजल्यामजल्याला चढतो. थर्माकोल किंवा गोणपाट कोंबलेलं भोक बुजलेलं धरायचं नाही. बोर्डासमोर मीटरभर जागा मोकळी, बाहेरच्या भिंतीवर साडेचार किलोचा सीओटू सिलिंडर, आणि मुख्य लाइनवर ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. ही शेवटची गोष्ट ओल आणि गळतीतून होणारी आग टाळते, पूर बघितलेल्या इमारतीत तर ती हवीच. एसीसाठी प्रत्येकी वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी. मल्टिप्लगवर एसी कधीच नाही. मार्चमध्ये सर्व्हिसिंग करताना आउटडोअरच्या पट्टीचे स्क्रू आवळून घ्यायचे आणि तपकिरी झालेली, कडक पडलेली वायरीची टोकं कापून नवीन लग बसवायचे. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त मेकॅनिकला ते स्पष्ट सांगावं लागतं.

किती माणसं, किती वाट

राष्ट्रीय बांधकाम संहितेत शिक्षणाच्या जागेसाठी माणशी ४ चौरस मीटर धरतात आणि जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर रुंदी. हजार चौरस फुटांचा हॉल म्हणजे ९३ चौरस मीटर. संहितेप्रमाणे २३ जण. बाकं चिकटवून तिथे ७०-८० बसवले जातात. चार फुटी म्हणजे १.२ मीटरचा जिना कागदावर १२० जणांना पुरतो. पण त्याच जिन्यावर चपलांचा रॅक, वॉटर कूलर आणि जाहिरातीचा स्टँड असेल तर मोकळी रुंदी अडीच फूट राहते आणि आकडा पाऊणशेवर येतो. बाकीच्या मजल्यांवरची माणसं त्याच वेळी त्याच जिन्यात आहेत, हे अजून मोजलेलंच नाही.

म्हणून दुसरी वाट. जुन्या इमारतीला मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला लोखंडी जिना लावता येतो. तो सव्वा मीटर रुंद, पायरी किमान २५ सेंटिमीटर, चढ १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंना कठडा. तो एसीच्या युनिटांवरून किंवा हॉटेलच्या किचनच्या खिडकीजवळून नेला तर उपयोग शून्य. मालक बरेचदा गोल जिना लावायचा आग्रह धरतात, कारण जागा कमी लागते. ८० घाबरलेली पोरं गोल जिन्यावरून उतरत नाहीत, अडकतात. जागाच नसेल तर हॉलमधली संख्या कमी करणं हा एकच प्रामाणिक उपाय आहे. फी बुडते, हे मान्य. तरीही.

दारांबद्दल थोडक्यात. हॉलचं दार बाहेर उघडणारं हवं. गच्चीच्या दाराला आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी हवी, कुलूप नको. जिन्याच्या माथ्यावर धूर जायला कायमची उघडी जाळी हवी. खिडक्यांना ग्रिल असेल तर दोन खिडक्यांची ग्रिल बिजागरीवर, आतून उघडणारी. पॅराग्वेच्या असुन्सिऑन शहरात १ ऑगस्ट २००४ ला एका सुपरमार्केटच्या आगीत ३०० हून अधिक माणसं गेली. गिऱ्हाईक पैसे न देता पळेल म्हणून दारं बंद केल्याचा आरोप तिथे झाला. दुपारी ‘जेवायची सुट्टी’ म्हणून आत माणसं असताना शटर ओढून घेणाऱ्या दुकानांनी हे लक्षात ठेवावं. वीज गेली की मोटरचं शटर अडतं आणि हाताने फिरवायचा दांडा कुठे ठेवलाय ते ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.

पहिली तीन मिनिटं

सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर चालतो साधारण पंधरा-वीस सेकंद. तो टेबलाएवढ्या आगीसाठी आहे. पिन ओढायची, नोझल ज्वाळेच्या बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा, डावी-उजवीकडे झाडल्यासारखं फिरवायचं. पाठ दाराकडे ठेवायची. एका सिलिंडरने आग मागे हटली नाही तर दुसरा शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं. पेटलेल्या बोर्डावर पाणी कधीच मारायचं नाही.

त्याच वेळी एकाने फोन करायचा, १०१ किंवा ११२. फोन करणाऱ्याने काय सांगायचं हे आधी ठरलेलं असलं की मिनिट वाचतं:

“हॅलो साहेब, विश्रामबागेतनं बोलतोय, मेन रोडवरचं कॉम्प्लेक्स, खाली मेडिकल आहे. मीटर बोर्डाला आग लागलीय, जिना धुरानं भरलाय. गच्चीवरच्या अभ्यासिकेत चाळीसेक पोरं हायत. मोठी शिडी लागंल.”

“मेन स्विच पाडला का दादा?”

“नाही, तिथंच आग हाय. महावितरणला दुसरा माणूस फोन लावतोय. मागच्या बोळातनं गाडी येत नाही, मेन रोडनंच या. चौकात माणूस उभा करतो.”

एवढं पुरतं. किती माणसं, कुठे अडकलीत, शिडी हवी का, कुठून यायचं. ‘लवकर या, लवकर या’ हे दहा वेळा सांगण्यापेक्षा यातलं एक वाक्य जास्त उपयोगी.

वर अडकलेल्यांसाठी: जिन्याचं दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर उघडू नका. फट ओल्या ओढणीने, सतरंजीने बुजवा. खाली वाका, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर हवा बरी असते. रस्त्याकडच्या खिडकीशी या, ज्वाळा नसलेल्या बाजूला, आणि कापड हलवा. गच्ची उघडी असेल आणि तिथवर धूर नसेल तर तिकडे. लिफ्ट नाही. उडी हा अगदी शेवटचा मार्ग. तीही उभ्याने घ्यायची नसते, चौकटीला दोन्ही हातांनी लोंबकळून मग सोडायचं, म्हणजे पाच-सहा फूट उंची कमी होते. खालच्या लोकांनी गाद्यांच्या दुकानातून गाद्या आणून टाकाव्यात, चादर ताणून धरण्यापेक्षा ते बरं.

सही कुणाची

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. या कायद्याखाली यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची, दोघांची आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. भाड्याने गाळा घेतलेला क्लासचालक ‘ते मालकाचं काम’ म्हणतो, मालक ‘सोसायटीचं’ म्हणतो, आणि सोसायटी अनेकदा नोंदलेलीच नसते. क्लास लावताना पालक फी, निकाल, शिक्षक सगळं विचारतात. त्यांनी फॉर्म बी ची चालू सहामाहीची प्रत मागावी आणि एकदा स्वतः गच्चीपर्यंत चढून यावं. दुसरा जिना आहे का, गच्चीचं दार उघडतं का, खिडकीवर फ्लेक्स आहे का, हे डोळ्यांनी बघायला पाच मिनिटं लागतात. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

फॉर्म बी वर सही करणाऱ्या एजन्सीच्या माणसासमोर हूटर, म्हणजे आगीचा भोंगा, वाजवून घ्या, तोही क्लास भरलेला असताना. दुसऱ्या मजल्यावर दार लावून, पंखे आणि एसी चालू ठेवून तो ऐकू येतो का ते बघा. अनेक इमारतींत हूटर तळमजल्याच्या पॅनेलवरच असतो. मग सगळ्यांना एकदा खाली उतरवा, घड्याळ लावून, दप्तरं वर ठेवून. शेवटचा मुलगा रस्त्यावर आला ती वेळ भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या सहामाहीत ती कमी व्हायला हवी. झाली नाही तर हॉलमधलं एक-एक बाक बाहेर काढायला लागा.